ओटीतले ब्लाउज पीस आणि अठरा पताका

मराठी घराच्या कपाटात न शिवलेल्या ब्लाउज पिसांचा एक गठ्ठा हमखास सापडतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, मंगळागौरीला, कुणाच्या डोहाळजेवणाला किंवा लग्नघरातून निघताना ओटीत पडलेले हे ८० सेंटिमीटरचे किंवा मीटरभराचे तुकडे नारळ-तांदळांबरोबर घरी येतात. नारळ दोन दिवसांत वाटणात जातो, तांदळांची खीर होते, ब्लाउज पीस मात्र तसाच राहतो. कारण त्या रंगाची साडी आपल्याकडे नसते, आणि असली तरी पीस इतका विरविरीत असतो की त्याच्यावर शिलाईचे पैसे घालवावेत असे वाटत नाही. मग तो पुढच्या कुणाच्या तरी ओटीत जातो. एक पोपटी पीस चार वर्षांनी फिरून माझ्याकडेच परत आला होता. कोपऱ्यावरच्या शाईच्या ठिपक्यावरून मी तो ओळखला. २०१८च्या उन्हाळ्यात मी हा गठ्ठा सोडून मोजला तेव्हा त्यात ४३ पीस निघाले, आणि त्यांच्याशिवाय तीन विरलेल्या सुती साड्या, खणाचा एक तुकडा, पडद्यांतून उरलेले कापड आणि शिंपीकाकांकडून वेळोवेळी परत आलेल्या कात्रणांनी भरलेला उशीचा एक अभ्रा. आज आमच्या घरच्या समारंभांना लागणारी जवळजवळ सगळी सजावट या गठ्ठ्यातून शिवलेली आहे. ती कशी शिवली आणि कुठे कुठे चुकले, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

चुकीपासूनच सुरुवात करते. लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला, म्हणजे २०१६ मध्ये, मी मोठ्या हौसेने गुलाबी सॅटिनची एक लांबलचक पट्टी शिवली होती. तिच्यावर लेकीचे नाव, ‘पहिला वाढदिवस’ हे शब्द आणि वर तारीखसुद्धा, असे सगळे सोनेरी कापडातून कापून डिंकाने चिकटवले होते. फोटोंत ती पट्टी सुरेख दिसते. पण पुढच्या वर्षी ती बाहेर काढली तेव्हा लक्षात आले की नाव तेवढे खरे आहे, बाकी सगळे जुने झाले आहे. सासूबाई शेजारी बसून वाती वळत होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, दरवर्षी बदलणारी गोष्ट कापडावर कायमची कशाला लावलीस? आता काय उसवत बसणार?” उसवायलाही काही नव्हते, कारण टीप कुठे मारलीच नव्हती. डिंक वाळून कडक झाला होता आणि त्याचे पिवळे डाग सॅटिनच्या आरपार उतरले होते. कागदाच्या झिरमिळ्या एका दिवसात केरात जातात. माझी कापडी पट्टीही एकाच दिवसापुरती निघाली, फक्त तिला कपाटात दोन वर्षे जागा लागली.

त्यामुळे २०१८ मध्ये पुन्हा कात्री हातात घेताना मी स्वतःला काही अटी घातल्या. सजावटीत कुणाचे नाव, वय, वर्ष किंवा सणाचे चिन्ह कायमचे शिवायचे नाही. जे शिवायचे ते बादलीत बुडवून धुता आले पाहिजे, खिळा न ठोकता टांगता आले पाहिजे आणि घडी घालून एका पिशवीत मावले पाहिजे. त्या वर्षी आणखी एक निमित्त झाले होते. २३ मार्च २०१८ रोजी राज्य शासनाने प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी घालणारी अधिसूचना काढली आणि गणपतीच्या थर्माकोलच्या मखरांचा प्रश्न घरोघरी उभा राहिला. पुढे १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारने देशभर ज्या एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या वस्तूंवर बंदी आणली, त्यांतही सजावटीचे थर्माकोल, प्लॅस्टिकचे झेंडे आणि फुग्यांना लावायच्या प्लॅस्टिकच्या काड्या होत्या. म्हणजे वाढदिवसाच्या सजावटीचा निम्मा बाजारच त्या यादीत आला होता. बाजारात आजही काय काय मिळते हे सगळ्यांना दिसते आहे, तो विषय इथे नको.

शिवण्याआधी गठ्ठा निवडावा लागतो, आणि खरे सांगायचे तर या कामातला सर्वांत महत्त्वाचा दिवस हाच असतो. ओटीतल्या पिसांवर कसलीही चिठ्ठी नसते. सुती म्हणून हातात आलेला पीस निम्मा पॉलिस्टर निघतो. त्याची जुनी परीक्षा अशी की कडेचे चार धागे काढून, चिमट्यात धरून, मोरीत काडेपेटीने पेटवून पाहावेत. सुती धागा कागदासारखा वास येऊन जळतो आणि त्याची भुरभुरीत राख होते. पॉलिस्टर वितळून आकसते आणि त्याचा काळपट, कडक मणी उरतो. मिश्र कापडात दोन्ही थोडे थोडे दिसते. ही परीक्षा हौसेची नव्हे, कारण पुढची इस्त्री तिच्यावर ठरते. सुती कापडाला लागते तेवढी गरम इस्त्री पॉलिस्टरवर फिरवली तर कापड इस्त्रीलाच चिकटते, आणि हा अनुभव मी एका जांभळ्या पिसावर घेतला आहे. दुसरी परीक्षा रंगाची. पांढऱ्या रुमालाचा कोपरा ओला करून पिसावर घासला की रंग जाणारे पीस तिथल्या तिथे कळतात. माझ्या ४३ मधले नऊ असे निघाले, त्यांतले बहुतेक लाल आणि गर्द निळे. त्यांना मी या कामातून वगळले, कारण पांढऱ्या पताकेशेजारी लाल पताका पहिल्याच धुण्यात गुलाबी छटा सोडून जाते. उरलेले सगळे कापड, सुती असो वा मिश्र, एकदा पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री करूनच कापायला घ्यावे. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, पॉलिस्टर आटत नाही. दोन्ही एकत्र शिवून मग धुतले तर पताका पापडासारखी वाकडी होते.

शिंपीकाकांच्या दुकानातली कात्रणे हा दुसरा साठा. मी मागायला गेले तेव्हा ते म्हणाले, “न्या की ताई, हवी तेवढी न्या, पण इथे निवडत बसू नका, पोतेच उचला.” त्या पोत्यात ब्लाउजच्या बगलेतून निघालेली चंद्रकोरी कात्रणे सर्वाधिक होती, आणि तिरप्या धाग्याची असल्यामुळे ती ताणली जातात. पताकेला ती चालत नाहीत. त्यांचे काय केले ते पुढे सांगते. अस्तराचे तुकडे मात्र फार कामाचे निघाले, कारण पताकेच्या मागच्या बाजूला साधे, एकरंगी, सुती कापड लागते आणि अस्तर नेमके तसेच असते.

आता पताका. आठ-दहा निरनिराळ्या मापांचे कागदी त्रिकोण भिंतीवर लावून पाहिल्यावर मला ७.५ इंच पाया आणि ८.५ इंच उंची हे माप पटले; याहून लहान पताका खोलीच्या दुसऱ्या टोकाहून दिसत नाही आणि याहून मोठी असली तर पंख्याच्या वाऱ्याने गुंडाळली जाते. हा त्रिकोण जुन्या वहीच्या पुठ्ठ्यातून कापून घ्यावा आणि शिंप्याच्या खडूने कापडावर आखावा. आखताना एक त्रिकोण सुलटा, त्याला चिकटून दुसरा उलटा, असे घेत गेले तर कापड वाया जात नाही. ३६ इंच पन्ह्याच्या पिसावर अशा एका ओळीत आठ त्रिकोण बसतात, ८० सेंटिमीटरमध्ये तीन ओळी निघतात आणि एका पिसातून २४ त्रिकोण मिळतात. मात्र पिसावर मोर, कोयऱ्या किंवा वर-खाली अशी दिशा असलेली कुठलीही नक्षी असेल तर उलटे त्रिकोण निरुपयोगी ठरतात, कारण मोर डोक्यावर उभे राहतात. नक्षीचे पीस म्हणूनच पुढच्या बाजूला, मोजून-मापून घ्यावेत. खणाच्या बाबतीत तर मी कात्री लावण्याआधी दोन दिवस थांबले होते. त्या अरुंद कापडाच्या बारीक विणीची नक्षी इतकी देखणी असते की त्याचा तुकडाही तुकडा वाटत नाही. शेवटी त्यातून पाचच पताका काढल्या आणि त्या माळेत तीन-तीन पताकांच्या अंतराने घातल्या.

शिलाई साधीच आहे, पण टोकाची एक खुबी आहे. पुढचा आणि मागचा त्रिकोण सुलट बाजू आत ठेवून एकमेकांवर ठेवावेत आणि पाव इंच आत दोन तिरक्या बाजूंना टीप मारावी; वरचा पाया उघडा ठेवावा. टोकाशी पोहोचल्यावर सुई कापडात रुतवून, दट्ट्या उचलून, कापड सरळ फिरवले तर कोन काटेकोर येईल असे वाटते, प्रत्यक्षात उलटवल्यावर तिथे गाठ बसते. त्याऐवजी टोकाशी एक टाका आडवा घ्यावा आणि मग दुसऱ्या बाजूला वळावे. आत जाणाऱ्या कापडाला त्यामुळे जागा मिळते आणि टोक अणकुचीदार दिसते. टीप झाल्यावर टोकाचे जादा कापड टाक्याला धक्का न लावता छाटावे, पताका उलटवावी आणि आतून विणकामाच्या जाड सुईने टोक हलकेच बाहेर ढकलावे. हलकेच हा शब्द मी जाणूनबुजून लिहिला आहे, कारण कात्रीच्या टोकाने ढकलून मी दोन पताकांना भोके पाडली. सुई १४ नंबरची पुरते. नाडी लावताना थर वाढतात तेव्हा १६ नंबरची घालावी. माझे मशीन सासूबाईंचे, काळे, पायाने चालवायचे आहे आणि त्याला सरळ टिपेपलीकडे काही येत नाही, पण या कामाला तेवढे पुरले.

नाडीसाठी मी आधी बाजारची तयार पट्टी आणायला निघाले होते. सासूबाईंनी अडवले आणि जुन्या साड्यांचे उसवलेले फॉल पुढे केले. हे मला सुचायला हवे होते. साडीचा फॉल सुती असतो, सुमारे तीन मीटर लांब आणि पाच इंच रुंद असतो, आणि जुना असेल तर साडीबरोबर इतक्या वेळा धुतला गेलेला असतो की त्यातले आटणे केव्हाच आटलेले असते. नवा फॉल लावण्याआधी आपण तो पाण्यात भिजवून घेतो ते याच कारणाने. एक फॉल उभा मधोमध कापला की अडीच इंचांच्या दोन पट्ट्या मिळतात आणि त्या जोडल्या की सहा मीटरची नाडी होते. जोड मात्र सरळ न देता तिरका द्यावा, म्हणजे सगळी जाडी एका जागी येत नाही. पट्टीच्या दोन्ही कडा मध्यरेषेपर्यंत दुमडायच्या, पुन्हा मधोमध घडी घालायची, इस्त्री फिरवायची आणि त्या घडीत पताकांचा उघडा पाया सारून वरून एकच लांब टीप मारायची. शिवून झालेली पताका वर सात इंच रुंद भरते. दोन पताकांत एक इंच सोडला की एकेकीला आठ इंच लागतात, आणि १८ पताकांची माळ बरोबर १२ फुटांची होते. दोन्ही टोकांना दीड-दीड फूट नाडी मोकळी ठेवावी. ती आखूड ठेवली तर खिडकीच्या गजाला बांधताना जीव मेटाकुटीला येतो, आणि मग माणूस सेलोटेप शोधायला लागतो.

अक्षरांची गोष्ट थोडी सविस्तर सांगावीशी वाटते. इंग्रजी शुभेच्छांच्या माळा दुकानात ढिगाने मिळतात, कारण त्या लिपीत एका पताकेवर एक अक्षर लिहिले की काम भागते. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांच्यासकट एकेक पताका भरावी लागते. मी आधी ‘हार्दिक शुभेच्छा’ असा बेत केला होता. मनात एक फार आवडती कल्पना होती: माळेची नाडी हीच शिरोरेखा समजावी आणि अक्षरे तिच्याखाली नुसती टांगावीत, जशी ती वहीत ओळीखाली लोंबतात. कागदावर हे फारच छान दिसले. कापडावर ‘हा’ जमले, आणि ‘र्दि’ पाशी सगळे कोसळले, कारण त्याची वेलांटी आणि रफार दोन्ही शिरोरेखेच्या वर जातात. नाडीच्या वर कापडाचा आधारच नसल्यामुळे वेलांटी पुढे कलंडून लोंबू लागली. शेवटी ‘हार्दिक’ हा शब्द सोडला. तसेही ‘शुभेच्छा’ एवढा एकच शब्द वाढदिवसालाही चालतो, बारशालाही चालतो आणि सेवानिवृत्तीलाही चालतो. त्याच्या पताका तीनच: शु, भे आणि च्छा. या तीन पताका त्रिकोणी न ठेवता चौकोनी केल्या, सात इंच रुंद आणि नऊ इंच उंच, कारण ‘च्छा’चे अवजड कुटुंब त्रिकोणाच्या निमुळत्या भागात मावत नाही. शिरोरेखा नाडीच्या दोन इंच खाली घेतली, म्हणजे ‘भे’ची मात्रा पताकेवरच बसते. अक्षरे गर्द कापडातून कापली, त्यांना मागून शर्टाच्या कॉलरला लावतात तसले इस्त्रीने चिकटणारे कॅनव्हास लावले, म्हणजे कडेचे धागे सुटत नाहीत, आणि मग कडेने सरळ टीप फिरवली. कॅनव्हासच्या बाजूने अक्षर आखायचे असेल तर ते आरशातल्यासारखे उलटे आखावे लागते हे मला माहीत होते, तरीही माझा पहिला ‘शु’ उलटा निघाला. तो आजही सुया टोचायला वापरते.

वयाचा प्रश्न आकड्यांनी सुटला. एका मोठ्या, साध्या, मोरपंखी पताकेवर शेजारी शेजारी दोन मोठी, कोटाची बटणे लावली आणि आकडे वेगळे शिवून प्रत्येकाच्या माथ्यावर नाडीचा एक छोटा फास दिला. आकडा बटणाला अडकवायचा, कार्यक्रम झाला की काढून ठेवायचा. वेल्क्रो लावून पाहिले होते, पण त्याला सगळ्या पिशवीतले दोरे चिकटतात आणि सॅटिनचा धागा त्यात अडकून ओढला जातो. शून्यापासून नऊपर्यंतचे दहा आकडे, दोन्ही बाजूंनी सारखे दिसतील असे, दुहेरी शिवले. ते वाळत घातलेले असताना वाऱ्याने एक ‘३’ उलटला आणि दोरीवर ‘६’ दिसू लागला. हुबेहूब नव्हे, वळणात थोडा फरक राहतो, पण चार हातांवरून कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणजे माझ्याकडे ३ आणि ६ हे दोन वेगळे आकडे नसून एकाच आकाराचे दोन तुकडे आहेत, आणि त्या दोहोंत ३३, ३६, ६३ आणि ६६ ही चारही वये बसतात. बाकीच्यांचे दुसरे नग गरज पडेल तसे शिवते. ११, २२ अशी वये काही रोज येत नाहीत. सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला ७ आणि ५ लावले, आणि त्याच महिन्यात तोच ७ एकटा लेकीच्या सातव्या वाढदिवसाला लागला. तेव्हा दुसरे बटण रिकामे दिसू नये म्हणून तिथे कापडाचे फूल अडकवले. ते फूल पुढे नऊ वर्षे वयापर्यंतच्या सगळ्या मुलांच्या कामी येते.

ही फुले त्या बगलेच्या चंद्रकोरी कात्रणांची. तिरप्या धाग्याचे कापड ताणले जाते हा त्याचा दोष इथे गुण ठरतो, कारण कडेने धावदोरा घालून दोरा ओढला की त्याच्या चुण्या गोलाकार बसतात आणि कडेचे धागेही फारसे सुटत नाहीत. मधोमध जुने बटण. गोंड्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही: इंचभर रुंद, फूटभर लांब चिंध्या आठ-दहा एकत्र घेऊन मधोमध दुमडायच्या आणि मानेशी दोऱ्याने घट्ट आवळायच्या. जरीचे काठ त्यांत मिसळले की दिव्यात चमकतात. मुलांच्या टोप्याही शिवल्या होत्या, पण पाच मिनिटांत सगळ्यांनी त्या काढून टाकल्या, म्हणून तो नाद सोडला.

मागच्या पडद्यासाठी मात्र काहीच शिवू नये असे माझे ठाम मत आहे. सहावारी साडी साडेपाच मीटर असते. ती पडद्याच्या दांडीवर मधोमध टाकून, चुण्या घालून, काठ दोन्ही बाजूंना बाहेर येतील असे ठेवले की गणपतीच्या मागेही शोभते आणि पाळण्याच्या मागेही. साडी कापून तिचा पडदा शिवला तर तो पडदाच राहतो, आणि न कापलेली साडी दुसऱ्या दिवशी पुन्हा साडी होते. पुनर्वापराच्या नावाखाली चांगल्या साड्या कापणाऱ्यांचे आणि ‘टाकाऊतून टिकाऊ’ करण्यासाठी दुकानातून नवे कोरे कापड विकत आणणाऱ्यांचे मला खरोखर नवल वाटते.

टांगण्याचा विचार शिवण्यापूर्वीच करायला हवा, हे मला उशिरा कळले. आमच्या भाड्याच्या घरात खिळे चालत नव्हते आणि चिकटपट्टीने भिंतीचा रंग निघत होता. म्हणून माळेची लांबी मी खिडकीच्या गजापासून समोरच्या दाराच्या वरच्या कडीपर्यंतचे अंतर मोजूनच ठरवली होती. मध्ये झोळ पडतो तो पडू द्यावा, पताका ताणून बांधली की कपडे वाळत घातल्यासारखी दिसते. समई, निरांजन, उदबत्ती आणि केकवरच्या मेणबत्त्या यांच्या वर किंवा हातभर अंतराच्या आत कापड येता कामा नये. पॉलिस्टरचे कापड तर जळताना वितळून खाली ठिबकते, म्हणून गणपतीच्या मखराजवळ मी फक्त सुती पताका लावते आणि त्याही आरतीच्या तबकापासून दूर.

धुण्याचे वेळापत्रक सोपे आहे: डाग असेल तरच धुवावे. औक्षणाच्या वेळी हळद-कुंकू सांडतेच. हळदीच्या डागावर साबण लावला की तो एकदम लालभडक होतो आणि पाहणारा घाबरतो, पण तो साबणाच्या क्षारामुळे बदललेला हळदीचाच रंग असतो. भरपूर पाण्याने खळबळून कडक उन्हात वाळत घातले की दोन-तीन दिवसांत डाग बराचसा उडून जातो. उन्हाने मूळ रंगही फिकट होतात, म्हणून पताकेची मागची, अस्तराची बाजू उन्हाकडे ठेवावी आणि डाग पुढच्या बाजूला असेल तरच ती उलटावी. ठेवताना माळ पुठ्ठ्यावर गुंडाळावी, नाहीतर पुढच्या वेळी अर्धा तास गुंता सोडवण्यात जातो. ही गुंडाळी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये. पावसाळ्यात आत दमट हवा कोंडते आणि सुती कापडावर बुरशीचे काळे ठिपके पडतात, जे नंतर कशानेही जात नाहीत. आमची सजावट त्या कात्रणांच्याच जुन्या अभ्र्यात राहते, सोबत वाळलेला कडुनिंब.

पहिल्या माळेला मला तीन संध्याकाळी लागल्या, आताशा दीड पुरते. दुकानातली कागदी माळ स्वस्त पडते हे खरेच आहे, आणि ज्यांच्याकडे मशीन नाही त्यांनी यासाठी मशीन विकत घ्यावे असे मी म्हणणार नाही. हातानेही माळ होते: सुती पताका, जवळ जवळ घातलेला उलटा टाका आणि थोडा धीर. माझ्या आईने दुपारच्या मालिकांसमोर बसून अशी एक माळ आठवड्याभरात पुरी केली, आणि तिचे टाके माझ्या टिपेपेक्षा सरळ आहेत.

अभ्र्यात एक चिठ्ठी शिवून ठेवली आहे, कापडावर मार्करने लिहिलेली: माळ १, पताका १८, अक्षरे ३, आकडे १२, मोठी पताका १, फुले ९, गोंडे १४. कारण आता हा अभ्रा आमच्या घरी कमी आणि बाहेर जास्त असतो. जाऊबाईंकडच्या वास्तुशांतीला तो गेला, तिथून परस्पर त्यांच्या भाचीच्या बारशाला गेला आणि परत आला तेव्हा आकडे अकराच भरले, उलट फुले दहा झाली होती. दहावे फूल माझे नव्हते. कुणीतरी हिरव्या काठाच्या साडीतून, माझ्यापेक्षा बारीक चुण्या घालून, शिवून आत टाकले होते. हरवलेला आकडा ‘४’ आहे. लेकीचा चौथा वाढदिवस केव्हाच होऊन गेला, पण खालच्या मजल्यावरच्या मुलाचा श्रावणात येतो आहे, तेव्हा या रविवारी तो शिवायला घेते आहे, त्या शाईच्या ठिपक्याच्या पोपटी पिसातून.